सर्व्हरच्या किल्ल्या नेमक्या कोणाकोणाकडे आहेत? स्वतःच्या मशीनवर चालणारं प्रवेश-नियंत्रण हवं आहे

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो. आज धागा काढतोय, कारण गेले चार दिवस एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

आमची कंपनी ६० एक माणसांची. त्यातले २२ जण सर्व्हरवर जातात: डेव्हलपर, टेस्टिंगवाले, डेटाबेसवाले आणि आम्ही दोघं ॲडमिन. सर्व्हर ४३, त्यातले दोन विंडोज, बाकी सगळे लिनक्स. मागच्या आठवड्यात एक जुनं मशीन बदलायला घेतलं. हलवाहलवीआधी सहज त्यावरची ऑथराइज्ड-कीज फाइल उघडली. (कुणाकुणाची ‘की’ त्या मशीनवर चालते याची ती यादी. की म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी जोडी: खाजगी भाग माणसाकडे, सार्वजनिक भाग सर्व्हरवर. ‘की’ लिहिलं की वाचताना घोटाळा होतो, म्हणून पुढे किल्लीच म्हणतो.) ३१ ओळी निघाल्या. १७ ओळींचे मालक आम्ही ओळखले. उरलेल्यांत एक किल्ली तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या सहकाऱ्याची होती आणि त्याच्या खात्याला सुडोही (ॲडमिनच्या अधिकाराने आज्ञा चालवायची मुभा) होता. तो गेला तेव्हा लॅपटॉप परत घेतला, मेल बंद केला, दाराचं कार्ड घेतलं. ही एक ओळ तेवढी राहून गेली.

नुकसान काही झालेलं नाही. माणूस सज्जन आहे, अजून अधूनमधून फोन करतो. पण तीन वर्षं आमचा सर्व्हर त्याच्या सज्जनपणावर सुरक्षित होता हे मला सहन होत नाहीये.

आता व्यवस्थापनाने परवानगी दिली आहे की नीट काहीतरी बसवा. अट एकच, आमच्या ग्राहकांशी झालेल्या करारानुसार कोण कधी कुठे शिरलं याच्या नोंदी बाहेरच्या कुणाच्या सेवेत ठेवता येत नाहीत. म्हणजे जे काही असेल ते आमच्याच मशीनवर चालायला हवं. ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सांगा, कुठलं सॉफ्टवेअर घेतलंत, काय फसलं, आणि ते सॉफ्टवेअरच बंद पडलं तर आत कसे शिरता?

जुना_खांब

सॉफ्टवेअर महिनाभर बाजूला ठेवा. आधी मोजदाद करा. हे कंटाळवाणं काम आहे आणि हेच सगळ्यात मोलाचं आहे.

सगळ्या ४३ मशीनवर, रूट (सर्वाधिकारी खातं) आणि सेवा-खाती (माणसांऐवजी प्रोग्राम वापरतात ती) धरून प्रत्येक खात्याच्या किल्ल्या गोळा करा. ऑथराइज्ड-कीज-२ नावाची फाइलही बघायला विसरू नका. हे जुनं नाव ओपनएसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या एसएसएच पद्धतीचं नेहमीचं सॉफ्टवेअर) आजही मूळ सेटिंगमध्ये वाचतं. कॉन्फिगमध्ये वेगळं काही लिहिलेलं नसेल तर त्या फाइलमधली किल्ली बिनबोभाट चालते. तिथे कोणी बघत नाही, म्हणूनच तिथे बघायचं.

मग प्रत्येक किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट, म्हणजे तिची छोटी ओळखखूण) काढा आणि लॉगशी, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींशी, ताडून बघा. किल्लीने लॉगिन झालं की एसएसएच सर्व्हर त्या किल्लीचा ठसा लॉगमध्ये लिहितो. गेल्या जेवढ्या दिवसांचे लॉग असतील तेवढ्यांत कुठली किल्ली वापरली गेली आणि कुठली नाही, हे एका दुपारी कळतं.

ज्या किल्लीचा मालक सापडत नाही ती पुसू नका. ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाकून बंद करा आणि बाजूला तारीख लिहा. तीन महिन्यांतून एकदा चालणारं एखादं काम त्या किल्लीवर असू शकतं. ते अडलं की मालक आपसूक पुढे येतो.

आणखी एक. खातं बंद करायचं म्हणून पासवर्ड लॉक करणारे खूप जण बघितलेत. पासवर्ड लॉक केला तरी किल्लीने लॉगिन चालू राहू शकतं, त्या आज्ञेच्या माहितीपानावरच तसं लिहिलेलं आहे. खात्याची मुदतच संपवायला हवी. तुमच्या गेलेल्या सहकाऱ्याचं खातं कुणी ‘लॉक’ केलं होतं का, हे एकदा तपासा.

रात्रपाळी

तपासलं. केलं होतं. तारीखही त्याच्या शेवटच्या दिवसाचीच आहे. म्हणजे ज्याने केलं त्याने काम प्रामाणिकपणे केलं होतं.

मुदतीचा_पास

@रात्रपाळी, तुमच्या दुखण्याचं मूळ असं की किल्लीला मुदत नसते. ती ओळ कोणीतरी आठवणीने पुसेपर्यंत राहते, आणि ४३ ठिकाणी आठवण ठेवणं माणसाला जमत नाही. म्हणून मी एसएसएच प्रमाणपत्रांकडे जा असं सांगेन. ही सोय ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून, ५.४ आवृत्तीपासून आहे. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, सर्व्हरवर एजंटही (वेगळा मदतनीस प्रोग्राम) बसवावा लागत नाही, तरी फार थोडे लोक वापरतात.

कल्पना साधी आहे. सर्व्हरवर माणसांच्या किल्ल्या ठेवायच्याच नाहीत. एकाच प्रमाणकर्त्याची (पासवर सही करणाऱ्या सेवेची) सार्वजनिक किल्ली ठेवायची, ट्रस्टेड-यूजर-सीए-कीज या एका ओळीत. माणूस सकाळी कामाला बसला की तो कंपनीच्या ओळख-सर्व्हरवर पासवर्ड आणि दुसरा पुरावा (उदा. फोनवरचा कोड) देऊन लॉगिन करतो आणि त्याच्या किल्लीवर प्रमाणकर्ता सही करून देतो. त्या सहीत तीन गोष्टी असतात: हा कोण, कुठल्या नावाने आत जाऊ शकतो, आणि किती वाजेपर्यंत. आम्ही दहा तास देतो. रात्री तो पास आपोआप निरुपयोगी होतो. माणूस सोडून गेला तर ओळख-सर्व्हरवरचं एक खातं बंद केलं की उद्या सकाळी त्याला नवा पास मिळत नाही. ४३ मशीनवर हात लावायची गरज नाही.

लॉगमध्येही फरक पडतो. सगळे ‘डिप्लॉय’ नावाच्या एकाच खात्याने शिरत असले तरी प्रमाणपत्रावरचं नाव आणि अनुक्रमांक लॉगमध्ये उतरतो. म्हणजे मंगळवारी दुपारी ‘डिप्लॉय’ कोण होता हे सांगता येतं.

ओळखीसाठी आमच्याकडे कीक्लोक हा ओळख-सर्व्हर आहे आणि सही करायला स्टेप-सीए. व्हॉल्ट (पासवर्ड-किल्ल्यांसारखी गुपितं सांभाळणारं सॉफ्टवेअर) किंवा त्यातून फुटून निघालेलं ओपनबाओ यांतही ही सोय आहे. काहीही घ्या, पण प्रमाणकर्त्याची खाजगी किल्ली जिवापलीकडे जपा. ती ज्याच्या हातात गेली तो कुणाच्याही नावाचा पास छापू शकतो. शक्यतो ती हार्डवेअर उपकरणात असावी, जिथून सही करून घेता येते पण किल्ली बाहेर काढता येत नाही.

सर्व्हरलाही प्रमाणपत्रं द्या. पहिल्यांदा जोडताना ‘हा सर्व्हर ओळखीचा नाही, पुढे जायचं का’ असा जो प्रश्न येतो आणि जिथे सगळे डोळे मिटून ‘यस’ लिहितात, तो प्रश्नच संपतो. मला विचाराल तर एवढ्या एका कारणासाठीही हे सगळं करावं.

रात्रपाळी

हे पटलं. पण दुपारी बारा वाजता कोणाला काढून टाकलं आणि त्याच्या पासची मुदत संध्याकाळी सातपर्यंत असली तर?

मुदतीचा_पास

त्यासाठी रद्द-यादी असते. त्या प्रमाणपत्राचा अनुक्रमांक यादीत घालायचा आणि यादी सर्व्हरवर ढकलायची, रिव्होक्ड-कीज या सेटिंगने ती वाचली जाते. पण एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. एसएसएच सर्व्हर प्रमाणपत्र फक्त दारात तपासतो. आत आलेल्या माणसाचा पास संपला किंवा रद्द झाला तरी त्याचं चालू सत्र (उघडं कनेक्शन) तुटत नाही. कुणी सकाळी सत्र उघडून तसंच ठेवलं असेल तर ते दोन दिवसांनीही जिवंत असेल. म्हणून रद्द करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्या माणसाची चालू सत्रं तोडायची ओळ लिहिलीच पाहिजे.

हिरवी_तार

सगळे एसएसएचबद्दल बोलताय, पण २२ नंबरचं पोर्ट (एसएसएचचं दार) बाहेरून दिसतं का हे कुणी विचारलंच नाही. दिसत असेल तर आधी ते झाका.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशन लायब्ररीत चोरदार सापडलं. काही लिनक्स वितरणांत एसएसएच सर्व्हर सिस्टिमडीच्या (मशीनवरच्या सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या) वाटेने ती लायब्ररी ओढत होता, आणि त्यातून थेट आत शिरायची सोय कुणीतरी करून ठेवली होती. ते उघडकीला आलं कारण अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपलं एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त वेळ घेतंय असं जाणवलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. त्याच वर्षी १ जुलैला ओपनएसएसएचमधलाच आणखी एक गंभीर दोष जाहीर झाला. प्रमाणपत्रं कितीही नेटकी असली तरी दाराच्या चौकटीतच भोक असेल तर काय करणार? दाराआधी एक कुंपण हवं.

आम्ही वायरगार्ड हे व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या जाळ्यात यायचा कूटबद्ध बोगदा) वापरतो. २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे (५.६ आवृत्ती), कोड थोडा आहे, आणि मला सगळ्यात आवडतो तो त्याचा अबोलपणा. ओळखीच्या किल्लीने न आलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. २२ माणसं आणि ४३ मशीन हाताने जोडणं जिवावर येईल, म्हणून वर नियंत्रणाला हेडस्केल किंवा नेटबर्ड घ्या. दोन्ही स्वतःच्या सर्व्हरवर चालतात.

पण कुंपण म्हणजे प्रवेश-नियंत्रण नव्हे. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन बंद पडली ती एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यामुळे. त्या खात्याला दुसरा पुरावा लागत नव्हता, नुसता पासवर्ड पुरला. कंपनीच्या प्रमुखांनी हे सिनेटसमोर सांगितलं आहे. आणि वायरगार्डची किल्ली उपकरणाची असते, माणसाची नाही. तिलाही आपोआप मुदत नसते. वर ओळखीची सोय बसवली नाहीत तर तीन वर्षांनी हीच गोष्ट वायरगार्डच्या यादीबद्दल लिहावी लागेल.

चौकट

वाचनखूण साठवली. आमच्याकडे अगदी हीच परिस्थिती आहे, फक्त अजून कुणी फाइल उघडून बघितलेली नाही. उद्या बघतो.

दगडी_पूल

तयार सॉफ्टवेअरांबद्दल विचारलंय त्याचं उत्तर राहिलंच. गेल्या काही वर्षांत यातली बरीच मी बसवली आणि काढली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक भेद समजून घ्या. मधल्या मशीनवरून उडी मारून आत जायच्या दोन रीती आहेत. एकात मधलं मशीन फक्त वाट देतं. ओपनएसएसएचच्या ७.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, प्रॉक्सीजंप आहे, त्यात तुमचा लॅपटॉप आणि आतला सर्व्हर यांच्यातलं बोलणं मधल्या मशीनला वाचता येत नाही. दुसऱ्या रीतीत मधलं मशीन तुमचं कनेक्शन स्वतःपाशी संपवतं आणि पुढे स्वतःच्या किल्लीने नवं जोडतं. तिथे काय टाइप केलं त्याची नोंद ठेवता येते. पण मग ते मशीन फुटलं तर सगळंच फुटलं. नोंद हवी असेल तर ही जोखीम घ्यावी लागते, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. (आणि एजंट-फॉरवर्डिंग (मधल्या मशीनला आपली किल्ली वापरू देणं) कृपा करून वापरू नका. मधल्या मशीनवर ज्याच्याकडे रूट आहे तो तेवढ्या वेळात तुमची किल्ली तुमच्या नावाने वापरू शकतो.)

टेलीपोर्ट हे सगळ्यात भरगच्च. एसएसएच, डेटाबेस, कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी व्यवस्था), आतल्या वेबसाइट, सत्रांची नोंद, सगळं आहे, आणि आतून तेही मुदतीच्या प्रमाणपत्रांवरच चालतं. पण परवाना नीट वाचा. १५व्या आवृत्तीपासून मूळ कोड एजीपीएल या खुल्या पण कडक अटींच्या परवान्याखाली गेला, आणि २०२४ मधल्या १६व्या आवृत्तीपासून तयार कम्युनिटी आवृत्ती वापरायला कंपनीच्या आकाराची अट आली: १०० पेक्षा कमी कर्मचारी आणि वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उत्पन्न. तुम्ही ६० जण आहात, आज बसता. वाढलात तर? शिवाय फुकटच्या आवृत्तीत बाहेरची ओळख फक्त गिटहबची (कोड ठेवायची बाहेरची सेवा) चालते, कीक्लोक जोडायचं तर पैसे मोजावे लागतात. तुमच्या करारातली अट बघता गिटहबवर ओळख सोपवणं तुम्हाला चालेल असं वाटत नाही.

हॅशिकॉर्प कंपनीच्या बाउंडरीची रचना मला आवडली होती, सर्व्हरवर काही बसवावं लागत नाही. पण हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये परवाना बदलला आणि सत्रांची नोंद फक्त विकतच्या आवृत्तीत आहे.

वॉर्पगेट लहान आहे आणि तुमच्यासारख्या ठिकाणी मी आज तेच सुचवेन. रस्ट भाषेत लिहिलेली एकच बायनरी (चालवायची फाइल). एसएसएच, वेब, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस समजतं, ओळखीला कीक्लोक जोडता येतं, नोंद ठेवतं. वापरणाऱ्याला नेहमीचाच एसएसएच चालतो, नवीन काही शिकवावं लागत नाही. हा मुद्दा छोटा वाटेल, पण लोक ज्या साधनाला कंटाळतात त्याला वळसा घालतात, आणि एकदा वळसा सापडला की तो सगळ्या टीमला कळतो.

दोन विंडोज मशीनसाठी ग्वाकामोली घ्या. अपाचेचा प्रकल्प आहे, ब्राउझरमध्येच रिमोट डेस्कटॉप उघडतो, आरडीपीचं (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं) पोर्ट कुणाला दाखवावं लागत नाही.

ओव्हीएचक्लाउडने २०२० मध्ये खुलं केलेलं ‘द बास्टियन’ही बघा. दिसायला रुक्ष आहे, सगळं आज्ञांनी चालतं. पण गटप्रमुखाने आपल्या गटाला स्वतः प्रवेश द्यायचा, ॲडमिनच्या हातापाया पडायचं नाही, ही त्यातली मांडणी शिकण्यासारखी आहे.

साधी_कडी

थोडा विरोधी सूर लावतो. २२ माणसांसाठी एवढं सगळं? फ्रीआयपीए बसवा. माणसांच्या सार्वजनिक किल्ल्या एका जागी राहतात, सर्व्हर लॉगिनच्या वेळी तिथून विचारून घेतो, कोण कुठल्या मशीनवर जाईल आणि कुठे सुडो मिळेल याचे नियम तिथेच लिहायचे. खातं बंद केलं की सगळीकडे बंद. यात नवीन असं काहीच नाही आणि म्हणूनच मला त्यावर भरवसा आहे.

मुदतीचा_पास

@साधी_कडी, सहमत आहे, चांगला पर्याय आहे. फक्त दोन गोष्टी सांगा त्यांना. फ्रीआयपीए बसवल्यावर ‘अलाउ-ऑल’ नावाचा नियम आधीपासून चालू असतो. तो बंद करेपर्यंत तुम्ही लिहिलेल्या बाकीच्या नियमांना काही अर्थ नाही, सगळे सगळीकडे जाऊ शकतात. आणि त्यात कर्बेरोस (ओळख पटवायची एक पद्धत) आहे, त्याला घड्याळं जुळलेली लागतात, मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपलीकडचा फरक चालत नाही.

साधी_कडी

अलाउ-ऑलचं बरोबर. आमच्याकडे तो तब्बल सात महिने चालू होता, आणि आम्ही नियम लिहीत बसलो होतो.

तळघर

धागाकर्त्याने शेवटी विचारलेला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ते सॉफ्टवेअरच बंद पडलं तर?

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तासांच्या आसपास बंद होतं. जाळ्याच्या देखभालीतल्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांची डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली, त्यापाठोपाठ डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था) गेलं. दुरुस्तीची आतली साधनंही त्यावरच उभी होती, तीही गेली. माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावी लागली, आणि तिथली कुलपं आत शिरणं अवघड जावं अशीच केलेली असतात, त्यामुळे तिथेही वेळ गेला. त्यांनी हे स्वतःच लिहून प्रसिद्ध केलं आहे.

आमचं प्रकरण त्याहून फार लहान, पण घोटाळा तोच. आमचा ओळख-सर्व्हर एका व्हर्च्युअल मशीनवर (होस्ट नावाच्या खऱ्या मशीनच्या पोटात चालणाऱ्या आभासी मशीनवर) होता. ते मशीन ज्या होस्टवर होतं त्या होस्टवर जायला ओळख-सर्व्हरचा पास लागायचा. दीड वर्ष काही बिघडलं नाही. मग एका रविवारी वीज गेली, होस्ट परत चालू झाला, पण व्हर्च्युअल मशीन आपोआप उठली नाहीत. त्यांना उठवायला होस्टवर जायला हवं, होस्टवर जायला पास हवा, पास देणारा झोपलेला. मी रॅकसमोर उभा राहून, रूटचा पासवर्ड बदलण्यासाठी मशीन सिंगल-यूजर या दुरुस्तीच्या अवस्थेत उठवलं. पाच तास गेले. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं झालं.

त्यानंतर आम्ही एक कागद केला. प्रत्येक सेवेखाली ती उभी राहायला काय काय लागतं ते लिहिलं आणि बाण काढले. बाण फिरून त्याच सेवेशी आला की तिथे लाल खूण. आमच्याकडे चार लाल खुणा निघाल्या. एक तर अशी होती की पासवर्ड जिथे ठेवले होते त्या तिजोरीचा पासवर्ड त्याच तिजोरीत होता.

आता आमच्याकडे आणीबाणीच्या दोन हार्डवेअर किल्ल्या आहेत. ओपनएसएसएच ८.२ पासून (फेब्रुवारी २०२०) असल्या किल्ल्या थेट चालतात, बोट लावल्याशिवाय सही होत नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणी, सीलबंद पाकिटात. त्यांच्या सार्वजनिक बाजू सगळ्या सर्व्हरवर कायम आहेत, प्रमाणकर्ता किंवा ओळख-सर्व्हर नसला तरी चालतात. त्यातली कुठलीही वापरली गेली की आम्हा तिघांनाही त्याच क्षणी निरोप येतो. आणि दर तीन महिन्यांनी खरोखर पाकीट फोडून लॉगिन करून बघतो. पाकीट आहे एवढ्यावर समाधान मानू नका, फोडून बघा.

घड्याळाचं वर आलंच आहे. मुदतीच्या प्रमाणपत्रांनाही ते लागू आहे. एखाद्या सर्व्हरचं घड्याळ मागे पडलं तर ताजं प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरू न झालेलं’ वाटतं आणि तो दार उघडत नाही. वीज जाऊन आल्यावर हे होऊ शकतं.

नोंदवही

सत्रांच्या नोंदीबद्दल थोडं. मी हे काम लेखापरीक्षणाच्या बाजूने बघते.

नोंद ठेवणार असाल तर लोकांना आधी सांगा, लेखी. लपून ठेवलेली नोंद ज्या दिवशी कळते त्या दिवसापासून टीम तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि काही ठिकाणी ते कायद्यातही बसत नाही. दुसरं, नोंदीत पासवर्ड येतात, ग्राहकांची माहिती येते. कुणी पडद्यावर एखादं टेबल उघडलं तर ते सगळं त्या फाइलमध्ये उतरतं. म्हणजे नोंदीचा साठा हाच तुमचा सगळ्यात संवेदनशील सर्व्हर होऊन बसतो. तो कोण बघू शकतो? मी जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर एकच आलं, ‘ॲडमिन’. ज्याची नोंद ठेवायची त्याच्याच हातात नोंद पुसायची सोय. लॉग निदान अशा मशीनवर पाठवा जिथे त्या ॲडमिनला फक्त भर घालता येईल, पुसता येणार नाही.

आणि टर्मिनलच्या नोंदीत सगळं येतं असं समजू नका. फाइल कॉपी केली किंवा पोर्ट वळवून डेटाबेसला थेट जोडलं तर पडद्यावर काहीच दिसत नाही. गरज नसेल तिथे पोर्ट वळवणं बंद ठेवा.

हिरवी_तार

@नोंदवही ताई, पुसण्याचा मुद्दा लाखमोलाचा. आमच्याकडे उद्याच बदलायला घेते.

आतल्या वेबसाइटबद्दल माझीही एक भर. विकी, मॉनिटरिंग वगैरेंच्या पुढे ओऑथ२-प्रॉक्सी किंवा ऑथेलिया बसवून ओळख तपासायची ही सोपी रीत आहे. प्रॉक्सी मागच्या ॲपला हेडरमध्ये (विनंतीसोबतच्या माहितीत) वापरकर्त्याचं नाव सांगते. पण ते ॲप जाळ्यावर थेटही पोचता येत असेल, तर आतला कुणीही तोच हेडर स्वतः लिहून दुसऱ्याच्या नावाने शिरू शकतो. ॲपने फक्त प्रॉक्सीचंच ऐकायला हवं.

घाण्याचा_बैल

माणसांचं सगळं आलं, यंत्रांचं कोण बोलणार? तुमच्या त्या अनोळखी किल्ल्यांपैकी निम्म्या तरी बिल्ड सर्व्हरच्या किंवा बॅकअपच्या असतील, पैज लावतो. त्यांना बोट लावून ओळख पटवायला सांगता येत नाही. म्हणून यंत्राच्या किल्लीला हातपाय बांधून ठेवा: ती कुठल्या पत्त्यावरूनच चालेल ते लिहा आणि तिने कुठली एकच आज्ञा चालवायची तेही लिहा. दोन्ही ऑथराइज्ड-कीजच्या त्याच ओळीत लिहिता येतं. बॅकअपच्या किल्लीने शेल (हवी ती आज्ञा चालवायची जागा) मिळता कामा नये.

रात्रपाळी

पाच आठवड्यांनी परत आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते लिहितो.

@जुना_खांब यांचं ऐकून आधी मोजदाद केली. ठरवलं होतं एक आठवडा, लागले तीन. ऑथराइज्ड-कीज-२ फक्त दोन मशीनवर सापडली, दोन्हीकडे जुन्या कंत्राटदाराच्या किल्ल्या. त्या त्याच दिवशी गेल्या.

निवड शेवटी अशी केली. बाहेर वायरगार्ड, वर हेडस्केल. आत कीक्लोक आणि स्टेप-सीए, दहा तासांचा पास. सत्रांची नोंद फक्त ग्राहकांचा डेटा असलेल्या सहा सर्व्हरवर, तिथे वॉर्पगेट. बाकी ठिकाणी नोंद ठेवायची नाही असं टीमसमोर बसून ठरवलं. @नोंदवही ताईंचा प्रतिसाद मी त्या बैठकीत वाचून दाखवला. दोन विंडोज मशीन ग्वाकामोलीमागे गेली. फ्रीआयपीएवर आम्ही आठवडाभर घासाघीस केली. माझा जोडीदार त्या बाजूने होता आणि त्याचे मुद्दे चुकीचे नव्हते, पण मुदत संपणारा पास आम्हाला हवाच होता. घाव ताजा आहे.

@तळघर यांचा बाणांचा कागद केला. आमच्याकडे दोन लाल खुणा. कीक्लोकचा डेटाबेस ज्या सर्व्हरवर होता त्याचा प्रवेश कीक्लोकमधूनच जात होता. आणि हेडस्केल स्वतः वायरगार्डच्या आत होतं. दोन्ही सोडवलं.

मग मागच्या बुधवारी पाकीट फोडून सराव केला. ४३ पैकी चार सर्व्हरवर आणीबाणीची किल्ली चाललीच नाही. किल्ली रूटसाठी ठेवली होती आणि त्या चार मशीनवर कुणीतरी पूर्वी रूटचं लॉगिन पूर्ण बंद करून ठेवलं होतं. चांगल्या हेतूनेच. आता सगळीकडे आणीबाणीचं वेगळं खातं केलं आहे. सराव केला नसता तर हे कळलं असतं ते नेमकं नको त्या रात्री.

मालक न सापडलेल्या नऊ किल्ल्या राहिल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी त्या सगळ्या हॅश टाकून बंद केल्या, तारीख लिहिली.

जुना_खांब

शुक्रवारी संध्याकाळी? पुढच्या वेळी मंगळवारी सकाळी करा. पण पुसल्या नाहीत हे उत्तम. कुणी हाक मारली का?

रात्रपाळी

एकीने मारली. सोमवारी सकाळी हिशेब विभागातून फोन आला की महिनाअखेरचा अहवाल आलेला नाही. तो अहवाल एक स्क्रिप्ट पाठवते हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. किल्ली त्याच गेलेल्या सहकाऱ्याने, त्याच्याच जुन्या खात्यात बनवून ठेवलेली. त्याला फोन केला, त्याने दहा मिनिटांत सगळं समजावून सांगितलं. आता त्या स्क्रिप्टला स्वतःचं खातं आहे, एकच आज्ञा, एकच पत्ता. उरलेल्या आठ अजून गप्प आहेत. तिमाही संपेपर्यंत वाट बघतो.